पाताळकोटात उतरताना : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पाताळकोटावर दोन पानं लिहिली आणि आजवर या सदराला कधी आली नाहीत एवढी पत्रं आली. काही व्हॉट्सअ‍ॅपवर, काही कार्यालयात हातानं आणून दिलेली. एका जुन्या विद्यार्थिनीनं तर थेट घरी येऊन, चहा पिता पिता विचारलं. ज्यांच्या हाती मागचा अंक लागला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते : पाताळकोट ही छिंदवाडा जिल्ह्यात तामियाच्या पलीकडची, घोड्याच्या नालेच्या आकाराची दरी. खोली बाराशे ते पंधराशे फूट. तळाशी आणि उतारांवर बारा गावं, भारिया आणि गोंड लोकांची. मी वनस्पतिशास्त्र शिकवत होते तेव्हापासून तिथं जाते आहे. निवृत्त झाले, गुडघे गेले, जाणं काही सुटलं नाही.

आम्ही चौघं जण. मी, मिस्टर आणि नऊ व बारा वर्षांची दोन मुलं. रविवारी पहाटे निघून रात्री परत, असं होतं का? मिस्टर म्हणतात होते, मी म्हणते नाही होत.
— गृहिणी, मानेवाडा

तुम्ही जिंकलात. नाही होत.

नागपूर ते छिंदवाडा सव्वाशे किलोमीटर, तिथून तामिया आणखी पंचावन्नेक आणि तामियाहून पुढे वीस-पंचवीस. म्हणजे एका बाजूनं दोनशे. गाडी तेवढी पळेलही, पण मग काय होतं ते मी दर हिवाळ्यात पाहते. दुपारी दोनला नागपूर पासिंगची गाडी काठावर येते, सगळे जण कठड्यापाशी उभे राहून फोटो काढतात, कोणीतरी 'अरे बाप्पा, केवढं खोल!' म्हणतं, चिप्सचं पाकीट फुटतं आणि अर्ध्या तासात गाडी परत. दोनशे किलोमीटर येऊन दरीचं फक्त झाकण पाहिलं.

दोन रात्री काढा. जाताना रस्ता सावनेरवरून. सौंसरपर्यंत दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा आणि बोलणं आपल्यासारखंच मराठी. राज्य बदलल्याचं फक्त पाट्यांवरून कळतं. जामसावळीच्या झोपलेल्या मारुतीला टाळून पुढे गेलेली नागपुरी गाडी मी अजून पाहिलेली नाही, तेव्हा तो तास हिशेबात धराच. सौंसर सोडलं की सिल्लेवानीचा घाट लागतो. नऊ वर्षांच्या मुलाला गाडी लागत असेल तर घाटाच्या आधी पोटभर खाऊ देऊ नका. हे मी विद्यार्थ्यांच्या बसमध्ये शिकले आहे, तपशील नको.

छिंदवाड्यात बादल भोई आदिवासी संग्रहालय आहे. 1954 साली सुरू झालेलं, पुढे या भागातल्या स्वातंत्र्यसैनिकाचं नाव मिळालेलं. ते जाताना पाहा. येताना थकलेली मुलं काचेच्या कपाटांपुढून नुसती पळतात. आधी पाहिलं तर दुसऱ्या दिवशी गावात सूप, टोपली, मासे धरायचा सापळा दिसला की तीच मुलं 'आई, हे काल पाहिलं!' म्हणून ओरडतात.

मुक्काम तामियात. संध्याकाळी छोटा महादेवची गुहा आणि तामियाच्या कड्यावरून मावळता सूर्य, एवढं पुरे. दुसरा अख्खा दिवस दरीत. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात सगळं हिरवंगार असतं हे खरं, पण एका ऑगस्टमध्ये मी काठावर तीन तास बसले होते आणि समोर फक्त पांढरं होतं, दुधाच्या पातेल्यात पाहावं तसं. शेजारी कणसं भाजणारी बाई मला सारखी म्हणत होती, 'अभी खुलेगा, अभी खुलेगा.' उघडलं नाही. कणसं मात्र चार खाल्ली.

शाळेच्या सहलीसाठी माहितीपत्रक तयार करून राहिलो आहे. पाताळकोटात सूर्याची किरणं पोहोचत नाहीत आणि तिथल्या लोकांना अलीकडेपर्यंत बाहेरचं जगच माहीत नव्हतं, असं सगळीकडे वाचायला मिळते. तसंच लिहू का?
— शिक्षक, सावनेर

नका लिहू, गुरुजी.

सूर्याचं आधी संपवते. दरीत मका पिकतो, कोदो-कुटकी ही भरड धान्यं पिकतात, आंब्याची जुनी झाडं आहेत. कारेआम हे गावाचं नावच त्या आंब्याचं. यातलं काहीही अंधारात वाढत नाही, हे तुमचे सातवीचे विद्यार्थीही सांगतील. कडे उंच आणि उभे असल्यामुळे ऊन उशिरा उतरतं आणि लवकर चढून जातं, इतकंच. 1986 च्या जानेवारीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा घड्याळ लावून बसले होते. ज्या ओट्यावर बसले होते तिथं ऊन आलं साडेनऊनंतर, आणि चारच्या आत समोरच्या कड्यावर निघून गेलं. घरचा म्हातारा त्या उन्हाबरोबर आपली खाट सरकवत होता. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं, लागतही नव्हतं.

त्याच म्हाताऱ्याला मी तेव्हाच्या माझ्या अकलेप्रमाणे विचारलं होतं, की बाबा, तुम्ही लोक वर कधी गेलाच नव्हता का? तो हसला आणि म्हणाला, 'हम तो हर हफ्ते ऊपर जाते थे बाई. ऊपरवाले नीचे नहीं आते थे.'

वरच्या बाजाराला ते चारोळी, मध, हिरडे, मोहाची फुलं घेऊन चढत आणि मीठ, कापड घेऊन उतरत. चारोळीच्या भारोभार मीठ, असा व्यवहार आपल्या काळापर्यंत चालल्याचं त्यानं सांगितलं. आपल्याकडे श्रीखंडावर चार दाणे मोजून टाकतात ती चारोळी! जग माहीत नव्हतं असं म्हणण्यापेक्षा जगानं मापात मारलं असं म्हणणं जास्त खरं आहे.

आता पत्रकात काय लिहायचं ते सांगते, कारण तिथं सांगण्यासारखं पुष्कळ आहे. सुरुवात पायाखालच्या दगडापासून करा. सिल्लेवानीच्या घाटात कापलेला काळा दगड दिसतो तो लाव्हाचा, आपल्या सीताबर्डीच्या टेकडीचा सख्खा भाऊ. दरीच्या कड्यात दिसतो तो वाळूचा दगड, थरावर थर, पिवळट-तांबूस. हे गोंडवन खडक. गोंडांच्या मुलखात अभ्यासले गेले म्हणून खडकांना हे नाव पडलं, आणि 1885 साली एडुआर्ड झ्युस या भूवैज्ञानिकानं दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडाला गोंडवनभूमी म्हटलं ते यावरूनच. आफ्रिका आणि अंटार्क्टिकाबद्दल बोलताना जगभरचे शास्त्रज्ञ ज्या लोकांचं नाव घेतात ते तुमच्या सावनेरहून दोन-तीन तासांवर राहतात. मुलांना हे सांगून बघा, त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. दरीच्या तळाशी याहूनही जुना, ग्रॅनाइटच्या जातीचा खडक उघडा पडला आहे.

दुसरं, पाणी. नागपूरच्या नळाला येतं ते पाणी पेंच आणि कन्हानचं. दोन्ही नद्या छिंदवाडा जिल्ह्यातच उगम पावतात आणि दक्षिणेकडे वाहतात, वैनगंगा-गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळतात. पाताळकोटातली दुधी नदी मात्र उत्तरेला, नर्मदेकडे जाते. म्हणजे तिचं पाणी अरबी समुद्राचं. एकाच ढगातला पाऊस कड्याच्या अलीकडे पडला की एका समुद्राला आणि पलीकडे पडला की दुसऱ्या समुद्राला. माझे विद्यार्थी काठावर उभं राहून पाण्याची बाटली कुठल्या बाजूला ओतायची यावर भांडत असत.

तिसरं, झाडं. साग, ऐन, मोह, तेंदू, चार (म्हणजे चारोळीचं झाड), हिरडा, बेहडा, आवळा आणि ओढ्याकाठी नेचे. चारोळीबद्दल एक कडू गोष्टही लिहा. भाव वाढला तशी फळं पिकायच्या आत तोडायची घाई वाढली. दुसऱ्यानं नेण्याआधी आपण न्यावं म्हणून कधी फांदीच उतरवतात. झाडाखाली बी पडलंच नाही तर नवं रोप कुठून येणार? 2019 मध्ये मध्य प्रदेश शासनानं पाताळकोट हे जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं, सुमारे 8,367 हेक्टर. मुलांना तिथली पानं तोडू देऊ नका हे सांगायला तो आकडा उपयोगी पडतो.

दरीत 'राजाखोह' नावाची गुहा आहे आणि तिथं नागपूरचे भोसले राजे लपले होते, असं ऐकलं. आम्ही महालातले, म्हणून विचारतो. खरं आहे का?
— निवृत्त बँक कर्मचारी, महाल

महालातल्या माणसानं विचारायलाच हवा असा प्रश्न. हे राजे म्हणजे आप्पासाहेब, मुधोजी दुसरे. नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीची लढाई हरले. पुढे इंग्रजांनी त्यांना कैद करून अलाहाबादकडे रवाना केलं, तर 1818 मध्ये वाटेतच पहाऱ्यातून निसटले आणि महादेवाच्या डोंगरांत शिरले. तिथल्या गोंड जमीनदारांनी त्यांना आसरा दिला. नंतर असीरगड, पंजाब असं फिरत 1840 साली जोधपुरात वारले. इतिहासाचा माग महादेवाच्या डोंगरांपर्यंत पक्का आहे आणि पाताळकोट त्याच डोंगररांगेतला. त्यातली नेमकी गुहा कोणती, तिथून पुढे लोककथा बोलते. कोणी मेघनादाचं नाव घेतं, तो शंकराची पूजा करून इथूनच पाताळात गेला म्हणतं; कोणी भोसल्यांचं.

मला मात्र दुसरंच वाटत राहतं. आपलं नागपूर 1702 च्या सुमारास वसवलं देवगडच्या बख्त बुलंद शहानं, राजापूर बारसा नावाच्या बारा वाड्या एकत्र करून. तो गोंड राजा, आणि देवगडही छिंदवाडा जिल्ह्यातच. पुढे त्या गादीचा कारभार भोसल्यांच्या हाती आला. आणि त्यानंतर पाऊणशे वर्षांनी भोसल्यांचा राजा जीव मुठीत धरून पळाला तो गोंडांच्याच दारात. त्यांनी दार उघडलं. देवगडचा किल्लाही जमल्यास पाहा. 'आठशे विहिरी, नऊशे बावड्या' अशी तिथली म्हण आहे. मोजायला जाऊ नका.

पाताळकोटात शुगरवर रामबाण मुळी मिळते म्हणतात. माझ्या मिस्टरांसाठी आणायची आहे. नाव सांगाल का? किती दिवस द्यायची?
— वाचक, प्रतापनगर

नाही सांगणार, ताई. रागावू नका.

दरीत औषधी जाणणारे लोक आहेत, त्यांना भुमका म्हणतात, आणि त्यांच्या ज्ञानाबद्दल मला मनापासून आदर आहे. एका भुमकाबरोबर मी तीन दिवस फिरले आहे. एकाच कुळातल्या दोन रोपांतला फरक त्यानं मला पान चुरगळून, वासावर दाखवला. तो मला पुस्तकात सापडायला भिंग लागलं असतं. पण तो माणूस रोग्याला समोर बसवून, दोन-दोन तास बोलून, मग काय ते देत होता. काठावर प्लॅस्टिकच्या पिशवीत शुगर, सांधे, मूळव्याध अशा चिठ्ठ्या लावून विकतात त्याचा याच्याशी काही संबंध नाही. त्यात काय कुटलेलं आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मिस्टरांची गोळी चालू असताना वरून असलं काही दिलं आणि साखर एकदम खाली आली तर तामियाच्या रस्त्यावर काय करणार आहात? त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नका.

दुसरं कारण झाडाचं. मुळी म्हणजे अख्खं रोप. सफेद मुसळी एके काळी पायवाटेच्या कडेला दिसायची, आता शोधावी लागते. मिस्टरांसाठी काही आणायचंच असेल तर कुटकी आणा, त्यांना मानवते का ते आधी विचारून. वरईसारखी शिजते, दाणे मोकळे होतात.

माझी आजी दर महाशिवरात्रीला पायी महादेवाला जायची. 'पहिली पायरी' नावाचं काहीतरी सांगायची. ती वाट पाताळकोटातून जाते का? आजी आता नाही, पण मला ती वाट पाहायची आहे.
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, हिंगणा

बाळा, तुझं पत्र दोनदा वाचलं.

पहिली पायरी म्हणजे जुन्नारदेव विशाला, छिंदवाडा जिल्ह्यातच. महादेवाच्या यात्रेची सुरुवात तिथून मानतात. मग सतधारा, मग भुराभगत आणि शेवटी पचमढीजवळच्या चौरागडाचा चढ, हजाराहून जास्त पायऱ्या, खांद्यावर नवसाचा त्रिशूळ. ही वाट पाताळकोटाच्या पश्चिमेनं जाते, दरीत उतरत नाही. वऱ्हाड-नागपूरकडची माणसं पिढ्यानपिढ्या या वाटेनं गेली आहेत. आमच्या शेजारच्या आजीबाई निघायच्या तेव्हा अख्खी गल्ली 'हर बोला हर हर महादेव' म्हणत कोपऱ्यापर्यंत पोहोचवायला जायची. चप्पल घालायच्या नाहीत. परत आल्या की टाचांना आठ दिवस तेल.

नागद्वारची यात्रा वेगळी, ती श्रावणात नागपंचमीच्या सुमारास. ती वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पातून जाते, म्हणून वर्षातले ते थोडेच दिवस उघडी असते. आजी शिवरात्रीला जायची म्हणतेस, म्हणजे तिची वाट चौरागडचीच.

जायचं तर यात्रेच्या दिवसांतच जा, घरच्या कोणाला तरी घेऊन. एरवी ती नुसती जंगलवाट आहे. यात्रेत शेजारून चालणारी एखादी म्हातारी आपणहून गाणं धरते आणि त्यातल्या ओळी तुला कुठून येतात हे तुलाच कळत नाही. मला आल्या होत्या. त्या मी कधी पाठ केल्या नव्हत्या.

आमच्या सोसायटीचा वीस जणांचा ग्रुप आहे. आदिवासी नृत्य बघायला मिळेल का? किती पैसे घेतात?
— सोसायटी सचिव, मनीषनगर

भारियांचा भडम हा नाच लग्नातला. ढोल, टिमकी, झांज, आणि तो रात्रभर चालतो. सैतम बायकांचा. होळीच्या आगेमागे गोंडांचा मेघनाद असतो : उंच खांब, त्यावर आडवं लाकूड, नवस फेडणाऱ्याला त्याला बांधून गरगरा फिरवतात. पैसे देऊन दुपारी तीनला अंगणात नाचवलं तर नाचतीलही. मी एकदा पाहिलं आहे. मुली वारंवार सूर्याकडे बघत होत्या, कारण जनावरं आणायची वेळ झाली होती.

त्यापेक्षा एका घरी सांगून वीस जणांचं जेवण ठरवा आणि मोबदला आधी मोकळेपणानं विचारा, घासाघीस करू नका. मक्याची भाकर, पाट्यावरची टमाट्याची चटणी, कुटकीचा भात, पानाच्या द्रोणात. जेवण झाल्यावर म्हाताऱ्यांशी बसा. त्यांच्यापैकी कोणी भारियांची जन्मकथा सांगेल : पांडव अडचणीत आले तेव्हा अर्जुनानं भर्रू गवताची मूठ दाबली आणि त्यातून लढणारी माणसं निघाली, ते भारिया. कौरव-पांडवांची लढाई आपल्याशिवाय जिंकली गेली नाही, असं म्हणणारी माणसं आहेत ती. फोटो विचारून काढा. ग्रुपमध्ये पाठवायच्या आधी त्यांनाही दाखवा, बायका फार हसतात.

वय 68. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. खाली उतरता येईल का? घरचे नाही म्हणतात.
— वाचक, धंतोली

गैलडुब्बा, कारेआमकडे आता गाडीनंही खाली जाता येतं. ते जमतं का पाहा आणि गावातल्या गावात, सपाटीवर फिरा. रातेडच्या बाजूची पायवाट मात्र सोडा. एक मजला दहा फुटांचा धरला तर दरीची खोली सव्वाशे मजल्यांच्या आसपास जाते. चढताना दम लागतो, पण बसता येतं. उतरताना गुडघा बोलतो आणि तेव्हा थांबूनही उपयोग नसतो. माझा उजवा तसाच गेला, 2011 मध्ये. वाळूच्या दगडावर सकाळचं दव होतं, पाय सटकला आणि मी चार पायऱ्या बसूनच उतरले. माझ्याबरोबरच्या पोरानं आधी मी ठीक आहे का ते पाहिलं, मग माझी विळी-चिमटा-कागदांची पिशवी उचलली आणि मग म्हणाला, 'मॅडम, अब धीरे चलते हैं,' जणू आत्तापर्यंत आम्ही पळतच होतो.

गाडीतून उतरल्यावर काठी हवीच, पण घरची ती अ‍ॅल्युमिनियमची नेऊ नका, दगडावर घसरते. काठावर कोणालाही सांगितलं तर बांबूची काढून देतात. परत येताना ती परत करायची असते. माझ्याकडे एक राहून गेली आहे, जिन्याखाली उभी आहे. जानेवारीत जाणार आहे तेव्हा नेऊन देईन.